तुझ्या वाट्याच्या गोळ्या

माय, माझी पाळी थांबून दोन वर्षं झाली आणि आता सकाळी उठताना कंबर धरते. परवा बुलढाण्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. रक्त तपासून त्या म्हणाल्या, पाळी गेली की बाईची हाडं भराभर झिजतात, त्यात तुमचं व्हिटॅमिन डी कमी आहे. मला हसूच आलं. म्हटलं, "मॅडम, उनात जिंदगी गेली माही." त्यांनी विचारलं, कापूस वेचायला काय घालून जाता? मी सांगितलं, साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यातोंडाला रुमाल. "मंग ऊन तुम्हाले कुठं लागते? शर्टाले लागते," त्या म्हणाल्या. आपल्याकडच्याच आहेत, मोताळ्याच्या.

तुझं मनगट मोडलं तेव्हा तुलाही कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, खडूसारख्या पांढऱ्या. मी बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते. सरकारी दवाखान्यातल्या माझ्या गोळ्या संपल्या की तू तुझी गोळी माझ्या ताटात ठेवायचीस. नको म्हटलं की म्हणायचीस, "बाळंतिणीले लागते वं. माह्यं आता काय राह्यलं? पाळी गेली, बाईपण गेलं." आपल्या सगळ्या बाया असंच धरून चालतात, की कूस थांबली म्हणजे शरीराचा खर्चही थांबला. खरं तर तेव्हाच तुला गरज होती. पुढे अंगणात साधा पाय घसरला आणि खुबा मोडला. त्या खाटेवरून तू उठलीच नाहीस. गोळ्यांनी तो वाचला असता का, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण मला तुझा राग येतो, अजून येतो. आणि मला तशी खाट नको आहे.

म्हणून मी गोळी जेवण झाल्यावर घेते, चहाबरोबर नाही. डीची आठवड्यातून एकदा, सून आठवण करून देते. तीच रोज पेलाभर दूधही समोर ठेवते. काल मी तो पेला सवयीने नातीकडे सरकवला. "पिऊ दे तिले. मले नाही आवडत." सून म्हणाली, "तिचं तिले देल्लं, आई. हे तुमचं हाये." आणि तिथंच उभी राहिली. प्यावंच लागलं.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? घडी घालून उशीखाली ठेवते. एक गोष्ट मात्र घरात कुणाला सांगितलेली नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दूध आवडत नाही म्हणत आले. आवडतं वं माय मला. फार आवडतं.