डाव्या सीटखालचं पाणी

चि. अमोल,

अनेक आशीर्वाद. आईंच्या गुडघ्याला आराम पडला असेल, कविता आणि मुलं ठणठणीत असतील आणि दापोऱ्याच्या केळीला पाणी वेळेवर मिळत असेल असं धरून चालतो. (पाण्याचा विषय निघालाच आहे.) फोन करून पाहिला, पण मागून तुझ्या ताईचा आवाज आला की तुझी रेंज जाते, म्हणून हे पत्र. विमल चार दिवसांपासून तुमच्याकडे आहे आणि परतायचं नाव काढत नाही. तिने तिची बाजू सांगितलीच असेल. मीही तिचीच बाजू सांगणार आहे, फक्त जरा लांबून.

आपली गाडी एकवीस वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी ती कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, पिऊ लागली. आज भरावं, आठवड्याने तळ दिसावा. गळती म्हणशील तर जमिनीवर थेंब नाही. मी रोज सकाळी गाडीखाली पेपर अंथरून, पालथा पडून न्याहाळायचो (त्या निमित्ताने अग्रलेख वाचून व्हायचे). इतवाऱ्यातल्या सुरेश मिस्त्रीने पाइप बदलले, झाकण बदललं, वॉटर पंप बदलला. शेवटी तोही हात पुसत म्हणाला, “सर, पिऊन तर राहिली, पन टाकते कुठी तेच समजून नाही राहिलं.” तेहतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

या तीन महिन्यांत विमल एकच सांगत होती, तिच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागतं आणि गोडसर वास येतो. मी म्हणालो, तुझी पाण्याची बाटली सांडते. तिने बाटली न्यायचं बंद केलं. मी म्हणालो, मग चपला ओल्या असतील. एकदा ती म्हणाली, “माझे पाय भिजून राहिले अन् तुम्ही बोनेट पाहून राहिले.” तेव्हा मला हे उद्धट वाटलं. आता वाटतं, इतकं नेमकं सुरेशच्या अख्ख्या गॅरेजात कोणी बोललं नव्हतं.

मग एका ट्रकवाल्याने सांगितलं की रेडिएटरमध्ये हळद टाकली की बारीक भोकं बुजतात. मी अर्धा किलो टाकली. कुठली, ते तू ओळखलं असशीलच. आईंनी उकडून, वाळवून, दळून वर्षाची म्हणून पाठवलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या भाचीच्या, प्रतिभाच्या साखरपुड्याला चांदनीला गेलो. विमल गाडीतून उतरली ती घोट्यापर्यंत पिवळी. नव्या साडीचे काठही पिवळे. बायका विचारू लागल्या, साखरपुडा प्रतिभाचा ना, मग हळद तुम्हाला कशी लागली? तिने पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि थेट दापोऱ्याकडे निघालेल्या जीपमध्ये जाऊन बसली. (भांडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.)

मी गाडी तशीच सुरेशकडे नेली. कार्पेट उचललं, पिवळा माग धरून वर गेलो, तर डॅशबोर्डच्या आत हीटर! अमोल, बुऱ्हाणपुरात हीटर! एकवीस वर्षांत त्या बटणाला कोणी बोट लावलं नाही. गाडीला असा अवयव आहे हे मालकही विसरला आणि मिस्त्रीही. इंजिनचं कूलंट त्यातूनही फिरतं, आणि गळत तोच होता, थेट विमलच्या पायांवर. सुरेशने हीटरकडे जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकले, वीस मिनिटांत. वर मलाच म्हणाला, “मॅडमले पहिलेच विचाराले पाहिजे होतं, सर.”

खरं सांगतो, मला तुझ्या ताईचं फार कौतुक वाटतं. हातात पाना नाही, डोक्याखाली पेपर नाही. नुसत्या तळपायांनी तिने दोष शोधला आणि तीन महिने न कंटाळता सांगितला. बरं, मागची सीट कोरडी होती. तरी ती ओल्या पायांनी माझ्या शेजारीच बसत राहिली. परवा एकट्याने जेवताना हे डोक्यात आलं आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

आईंना नमस्कार सांग.

तुझा,
वामनदाजी

ता. क. : ‘माझं चुकलं’ असं मी वर कुठे लिहिलेलं दिसत नाही. पत्र पुन्हा लिहायचा कंटाळा आलाय, म्हणून इथेच लिहितो. माझं चुकलं. तिला वाचून दाखवताना इथे आवाज मोठा कर.

दुसरा ता. क. : आवाज मोठा करू नकोस. दापोऱ्याला आलेलं माझं पाकीट आधी कोण फोडतं, हे बत्तीस वर्षांच्या संसारात मला कळलंय. विमल, रविवारी दहा वाजता येतो. गळती थांबली असं सुरेश म्हणतो. पण तू पाय ठेवून सांगितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही.