साल्वादोरचा पिवळा फ्रॉक

बाबा, तुमचा तो फोटो सापडला. साल्वादोर बंदरातला. पिवळा फ्रॉक, ओठांना लाली, आणि तुम्ही तोंड उघडून हसताय. तुमच्या जहाजावरच्या जुन्या कागदांत होता, इथे परदेशात, माझ्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये. लेक इथल्या बोलीत म्हणाली, "आजोबा सो क्यूट लाह!" मी चौदा वर्षांचा असताना तुम्ही स्वतःहून तो मला दाखवला होता आणि मी म्हणालो होतो, "शी! मित्रांना कळलं तर?" तुम्ही "तिथला शिमगा असतो रे" एवढंच म्हणालात, फोटो पाकिटात घातलात आणि पुन्हा कुठल्याच बंदराची गोष्ट सांगितली नाहीत. शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात; ते माझ्याकडे उरलंय.

हार्बरफ्रंटला आमच्या शिपिंग ऑफिसात एक सहकारी आहे, साल्वादोरचीच. जेवणाच्या सुट्टीत तिला फोटो दाखवला. "कार्निव्हल! गोदी बंद असणार, मग जहाजावर बसून काय करतील बिचारे? तिथे हमालसुद्धा बायकांचे कपडे घालून नाचतात." मग भात गार होईपर्यंत ती सांगत राहिली. चाळीस दिवसांच्या उपासाआधी पाणी आणि पीठ उधळायची चाल पोर्तुगीजांनी तिकडे नेली. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी त्यात आपले ढोल आणले. ते ढोल एके काळी पोलीस बंद पाडत, आता त्यांच्यावरच देश मिरवतो. त्या दिवसांत नोकर राजा होतो, आणि उपास सुरू होतो त्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळाला राख. मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय? देवाचं, बंडाचं, की नुसती मजा?" ती म्हणाली, "तू कधी नाचला नाहीस ना, म्हणून विचारतोयस."

तेव्हापासून नुसता गोंधळ आहे. आपल्या गुहागरकडच्या गावात शिमग्याला बाप्ये लुगडं नेसून राधा व्हायचे, आई त्यांना अंगणात नाचवून वर नारळ द्यायची. होळीची राख आपणही कपाळाला लावायचो. मग त्या फ्रॉकची मला लाज का वाटावी? मुलूख परका म्हणून? की मुंबईच्या शाळेत जाऊन मीच मोठा साहेब झालो होतो? सकाळी पटलेलं उत्तर दुपारपर्यंत टिकत नाही.

शनिवारी त्या सहकारिणीच्या लोकांनी इथे कार्निव्हल केला. बायकोची टिकल्यांची ओढणी पिशवीत घालून मी गेलो. ढोल सुरू झाले, माझ्या वयाचे ढेरपोटे गृहस्थ परकर घालून घुमायला लागले. माझी ओढणी काही पिशवीतून बाहेर आली नाही. ऑफिसचा शर्ट घालून मी भिंतीला टेकून उभा, आणि तुमचा इतका हेवा वाटला की राग आला.

तोच जुना राग असेल का? सहा-सहा महिन्यांनी तुम्ही घरी यायचात आणि पेपर उघडून बसायचात. ते हसू परक्यांना दिलंत, आम्हाला नाही, अशी मी मनाची समजूत घालत आलो. हे पत्र कुठे धाडायचं नाही, तेव्हा खोटं कशाला बोलू? फोटो माझ्या हातात देताना तुम्ही तसेच हसत होतात, बाबा. मी ते पाहिलं होतं.