मागच्या सीटचे चाळीस गुण

बाबा, गेल्या आठवड्यात मिसरोदच्या शोरूममध्ये जाऊन तीन मोटरसायकली चालवून बघितल्या. मी निवृत्त झालो आणि तुमच्या सुनेनं, जिला तुम्ही कधी पाहिलंच नाहीत, एकच मागणी केली. "पचमढीला गाडीवर जाऊ. आणि मी मागे बसणार, आधीच सांगून ठेवते." लग्नाला तीस वर्षं होत आली, तिला मी एकदाही मागे बसवलेलं नाही. तिलाच काय, तुमच्यानंतर कुणालाच नाही. कुणी लिफ्ट मागितली तर पेट्रोल संपत आलंय म्हणून थाप मारायची, हे इतकं अंगवळणी पडलंय की आता थापही वाटत नाही.

तुम्हाला आठवत असेल, घरात काहीही घ्यायचं तर तुम्ही कारखान्यातल्यासारखा तुलनेचा तक्ता करायचात. पंखा असो, कुकर असो, आधी कशाला किती महत्त्व ते शंभरात वाटायचं, मग गुण द्यायचे, शेवटी बेरीज आणि सही. सही झाली की चर्चा बंद, अगदी आईचीसुद्धा. माझ्या पहिल्या गाडीच्या तक्त्यात तुम्ही 'मागे बसणाऱ्याची सोय' या रकान्याला पेन्सिलीनं चाळीस लिहिलेत. तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात मी ते खोडलं, दहा केलं आणि तीस वेगाच्या रकान्यात टाकले. बाहेर येऊन तुम्ही पेनानं बेरीज केलीत, सही केलीत. वेगवान गाडी पहिली आली. तिची मागची सीट वीतभर, वर उचललेली, धरायला काही नाही. तिच्यावर बसून तुम्ही रोज पहिल्या पाळीला येता, गळ्यात मफलर, मांडीवर डबा, आणि टाउनशिपच्या त्या सरळ रस्त्यावर मी बडबडतोय, तुम्ही मागून नुसतं "हूं" म्हणताय.

जानेवारीतली सकाळ होती, धुकं होतं. कारखान्याच्या गेटच्या अलीकडे दोन दिवसांपूर्वी नवा स्पीड ब्रेकर झाला होता. गाडी उडाली, मी तसाच पुढे गेलो. मुलाखतीबद्दल काहीतरी विचारत होतो आणि तुम्ही "हूं" म्हणालात. ब्रेकरच्या नंतर म्हणालात, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं, आजही सांगतो. गेटवरच्या शिपायानं विचारलं, "आज अकेले? साहब छुट्टी पर हैं क्या?" मी वळून पाहिलं, सीट रिकामी. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

आता शोरूमचं सांगतो. पहिली गाडी वेगवाल्यांची, हलकी, वळणावर नुसत्या मनानं वळणारी, पण पुढे इतकं वाकावं लागतं की परत येईपर्यंत माझी मनगटं भरून आली. दुसरी दिवसभराच्या प्रवासाची. काच उंच, बाजूला पेट्या, पाठ ताठ राहते. मात्र उभी करताना म्हशीसारखी अंगावर येते. तिसरी या दोघींच्या मधली. हँडल जरा वर, जोर पुरेसा, आणि मागची सीट रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. तीही मी एकट्यानंच चालवली. अकरा वाजले होते, लख्ख ऊन. होशंगाबाद रोडला लागल्यावर हेल्मेटच्या आत माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "बाबा, नीट बसलात ना?" आणि मागून "हूं" आलं. आरशात बघायचं धाडस झालं नाही. परत आल्यावर सेल्समननं गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "अंकल, किसी को बिठाया था क्या? पीछे के दोनों फुटरेस्ट खुले हैं।" धक्क्यानं उघडले असतील, मी म्हणालो. त्यानं एक बंद केला आणि परत उघडून दाखवला. "इतने टाइट हैं, पैर से दबाना पड़ता है। अपने आप नहीं खुलते।"

घरी येऊन तक्ता करायला बसलो. नमुन्यासाठी तुमची जुनी फाईल काढली. तो कागद इतक्या वर्षांत मी उघडला नव्हता. माझ्या दहाच्या खाली तुमचे चाळीस अजून पुसट दिसतात. आणि त्याच्या शेजारी, पेनानं, तुमची छोटी सही आहे. खाडाखोड झाली असेल तिथे तपासणाऱ्यानं छोटी सही करायची, ही तुमच्या ऑफिसची रीत. वेगाच्या रकान्यातही आहे. म्हणजे तुम्ही पाहिलं होतं. पाहून मंजूर केलं होतं आणि मग रोज त्या सीटवर बसत होतात. मला हायसं वाटायला हवं होतं, पण तुमचा राग आला. तुम्ही एक शब्द तरी बोलायचा होता. माझा कान धरायचा होता.

नव्या तक्त्यात मागच्या सीटला चाळीस दिलेत. बेरजेत तिसरी गाडी पहिली आली. तुमची सून नवं हेल्मेट घालून घरभर फिरतेय, रविवारी निघू म्हणते. हो म्हणालोय. हा कागद तुमच्या फाईलमध्येच ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार?

एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. त्या सकाळी ब्रेकरनंतर गाडी एकदम हलकी पळायला लागली होती. ते मला जाणवलं होतं, बाबा, आणि आवडलं होतं.