दुसऱ्या बटणाची फळी

चिमीच्या आईस,
चिमीच्या बाबांचा घाईतला पण मनापासूनचा नमस्कार.

घर मिळालं. सुतारखान्याच्या मागेच, दोन खोल्या, नळ आत. मालकांनी उरलेल्या फळ्याही दिल्या, म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघराची मांडणी ठोकली. वरची फळी बसवल्यावर लक्षात आलं, ही तर माझ्या हाताच्या मापाने लावली. तुला रोज स्टूल लागलं असतं आणि मला रोज बोलणी. सगळे खिळे उपसले. तुझं डोकं माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाला लागतं, त्या अंदाजाने पुन्हा ठोकली. मिस्त्री म्हणाले, "बटणाने मोजणारा सुतार आजच पाहिला."

अक्षर वाकडं आलंय, कारण अंगठ्यावर हातोडी बसली. किरकोळ आहे. आईचे गुडघे कसे आहेत? तिलाही घेऊनच ये.

आता एक काम कर. दाराशी चिमीच्या दप्तरासाठी खुंटी मारायचीय, पण किती उंचीवर ते मला सांगता येईना. निघालो तेव्हा ती माझ्या गुडघ्याला मिठी मारून उभी होती. तिला भिंतीशी उभी कर, तिच्याएवढा दोरा काप आणि पाकिटात घालून पाठव.

खुंटी तासून तयार आहे.

तुझाच,
बटणमिस्त्री (इथे सगळे आता हेच म्हणतात)