वहिनींची एकाग्रता अठ्ठ्याण्णव टक्के

२ जून, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोज पहाटे पाचला उठायचं. (आज सहा चाळीस झाले. पण निश्चय काल केला तेव्हा पाचचाच होता.)

घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्यावर काही जबाबदाऱ्या आहेत. बाबांना वाटतं तशी फक्त पगाराची नाही. ज्ञान तळागाळापर्यंत पोचवण्याची. म्हणून तर ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीत 'मार्गदर्शक' झाले. प्रोबेशन या महिनाअखेरीस संपतं. नोकरी पक्की व्हायला एकच अट: एका प्रौढ व्यक्तीला तीस दिवसांत शून्यापासून प्रमाणपत्रापर्यंत न्यायचं. कोर्सचं नाव 'रोजचं गणित'.

मी आईला निवडलं. सातवीत शाळा सुटली तिची. शिवणयंत्रामागे अख्खं आयुष्य गेलं. इतका सुंदर 'आधी आणि नंतर' दुसरीकडे कुठे मिळणार?

आईला सांगितलं. ती म्हणाली, कर बाई काय करायचं ते, फक्त कात्री हलवू नकोस.

३ जून, मंगळवार

यंत्राशेजारी लर्निंग कॉर्नर उभारला. फोनचा स्टँड, एक कुंडी, भिंतीवर 'मी शिकू शकते' असा कागद. खिडकीजवळ वहिनी उभ्या असतात, त्यांना थोडं सरकवलं. वहिनी म्हणजे रेडिमेड कपड्यांच्या दुकानाने टाकून दिलेला पुतळा. एक हात नाही, पण चेहरा हसरा. आई त्यांच्या अंगावर कपडे चढवून टाचण्या लावते. बाबा त्यांना वहिनी म्हणतात, कारण घरात न बोलणारी अशी ही एकच बाई.

कंपनीचं ॲप खरोखर क्रांतिकारक आहे. कॅमेऱ्यातून चेहरा बघून एकाग्रता मोजतं. लक्ष हललं की 'लक्ष द्या!' म्हणून ओरडतं. शिवाय कोणाचा आत्मविश्वास खचू नये म्हणून वीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर उत्तराची हिंट देतं, आणि चाळीस सेकंदांनी स्वतःच उत्तर लिहून 'शाब्बास' म्हणतं. नापास ही कल्पनाच काढून टाकली आहे! आमच्या काळी हे असतं तर मला तिसऱ्या वर्षी संख्याशास्त्र पुन्हा द्यावं लागलं नसतं.

४ जून

आईची एकाग्रता: ११ टक्के. फोन दिवसभर ओरडला म्हणे. आईचं म्हणणं, खाली बघितल्याशिवाय टीप सरळ कशी घालू? बाबा रात्रपाळीचे वॉचमन, दिवसा झोपतात. ते म्हणाले, लक्ष देतो, देतो, पण आधी त्याचं तोंड बंद कर.

बदलाला सुरुवातीला विरोध होतोच. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले आहे.

६ जून, शुक्रवार

आईने एक प्रश्न विचारला. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी त्यांच्या दवाखान्यातल्या चाळीस कोटांची ऑर्डर आणली आहे. कापड जाडं सुती. धुतल्यावर दहा टक्के आटतं. कोट धुतल्यावर नव्वद सेंटिमीटर भरायला हवा, तर बेतताना किती धरू?

मी म्हटलं, टक्केवारी सातव्या पाठात आहे, क्रमाने जाऊ. ती म्हणाली, कापड उद्या कापायचंय, दहा मिनिटं बस. पण मला 'प्रौढांना ऐकून घेण्याची कला' हा वेबिनार होता. घाईत सांगितलं: नव्वदचे दहा टक्के नऊ, म्हणजे नव्याण्णव. सोपं आहे.

९ जून, सोमवार

आईने एकच कोट नव्याण्णवने बेतून धुऊन बघितला. एकोणनव्वद भरला. बहुधा धुण्याची पद्धत चुकली.

आनंदाची गोष्ट: आज आईची एकाग्रता ९८ टक्के! मी ऑफिसात ओरडलेच. शेजारच्या डेस्कवरची म्हणाली, एवढी एकाग्रता माणसात नसते. तिला कशातच चांगलं दिसत नाही. तिच्या तिन्ही शिकणाऱ्यांनी ॲप काढून टाकलं आहे.

घरी आल्यावर आईला मिठी मारली. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तूच सांग कसं जमवलंस. ती म्हणाली, काही नाही, फोन जरा फिरवला. आता अजिबात ओरडत नाही.

किती साधं उत्तर! यालाच स्वतःची शिकण्याची पद्धत शोधणं म्हणतात. अहवालात घातलं.

१२ जून

फोनचा स्टँड आता वहिनींच्या समोर असतो. आईने त्यांना अभ्यासात सोबतीला घेतलेलं दिसतं. समूह-अध्ययन! माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

स्वतःच्या प्रगतीचा आढावा: डेटा सायन्स ३ टक्के, इंग्रजी संभाषण ६ टक्के, वेळेचं नियोजन २ टक्के (वेळ मिळाला नाही). पहाटे पाच: अजून नाही. उद्यापासून.

१७ जून, मंगळवार

ॲपचा साप्ताहिक अहवाल: 'शिकणारी व्यक्ती अत्यंत स्थिर. डोळ्यांची उघडझाप नगण्य. चेहऱ्यावर सतत समाधान.' नऊ पाठ पूर्ण. सर्व शाखांत पहिला क्रमांक.

आमच्या साहेबांनी स्वतः बोलावून घेतलं. ते प्रत्येकाला 'सर म्हणायचं नाही, आपण सगळे समान' असं इतक्यांदा बजावतात की ऑफिसात त्यांचं नाव नकोसर पडलं आहे. नकोसर म्हणाले की अशी शिकणारी त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. तीस तारखेला सगळ्या कंपनीसमोर थेट व्हिडिओ कॉल करू, आईची ओळख करून देऊ, आणि त्याच दिवशी माझं पत्र.

माझं पत्र!

बाबांना सांगितलं. पक्की नोकरी म्हटल्यावर ते अंथरुणात उठून बसले. म्हणाले, मग मी रात्रपाळी सोडू का गं? गुडघे आता जिने चढू देत नाहीत. मी म्हटलं, बिनधास्त सोडा. डेटा खोटं बोलत नाही.

२० जून

आई रोज दुपारी नर्सबाईंकडे जाते, असं बाबा म्हणाले. औषधाच्या बाटल्या आणि पाणी घेऊन काहीतरी चालतं म्हणे. मी आईला प्रेमाने समजावलं की कोर्सच्या वेळेत गप्पा मारणं बरं नाही. ती म्हणाली, कोर्स चालूच असतो, बघ तुझ्या त्या तक्त्यात.

बघितलं. चालू होता. एकाग्रता ९८. मला स्वतःचीच लाज वाटली.

(जाते दुपारी, आणि कोर्सही दुपारीच चालू. फोन बरोबर नेत असेल. मोबाइल लर्निंगचा हाच तर फायदा.)

२५ जून, बुधवार

प्रमाणपत्र आलं! विशेष प्रावीण्यासह. मी रडले. आई काजं करत होती. म्हणाली, छान आहे कागद, पाठकोरा आहे का?

बाबांनी आज कामावर सांगून टाकलं की महिनाअखेरपर्यंतच येईन.

२९ जून, रविवार

उद्याची तयारी. आईला म्हटलं, तू फक्त मनातलं बोल. आईने विचारलं, सगळं? मी म्हटलं, सगळं. प्रामाणिकपणा हेच आपलं बलस्थान.

पहाटे पाचचा गजर लावला. दोन लावले.

३० जून, सोमवार. दुपारी

नीट क्रमाने लिहिते.

अकराला घरूनच कॉल सुरू झाला. पडद्यावर अख्खी कंपनी. नकोसरांनी आईला नमस्कार केला. मग टक्केवारीचा प्रश्न विचारला, आणि योगायोग असा की कापडाचाच: नव्वद सेंटिमीटर हवं, दहा टक्के आटतं, किती घ्याल?

आई म्हणाली, शंभर.

पडद्यावर ॲपचं उत्तर आलं: नव्याण्णव. नकोसर गोड हसून म्हणाले, अगदी जवळ आलात, प्रयत्न महत्त्वाचा. आई म्हणाली, जवळ नाही हो, शंभरच. आटतं ते कापलेल्या कापडातून आटतं, हव्या असलेल्यातून नाही. नव्याण्णवचा मी कोट शिवलाय, माझ्या लेकीनेच सांगितलं होतं. घालून बघा, मग तुमचं ॲप एकदा धुऊन बघा.

कोणीतरी फिस्सकन हसलं. बहुधा शेजारच्या डेस्कवरची.

नकोसरांनी कुठल्यातरी कागदावर आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. मग म्हणाले, वा, म्हणजे हे तुम्ही ॲपवरच शिकलात! आई म्हणाली, छे, हे नर्सबाईंनी शिकवलं, बाटल्या मांडून. ॲप वहिनींनी केलं.

कोण वहिनी, असं नकोसरांनी विचारलं. मी हळूच कॉल बंद करायला हात पुढे केला. पण आईने तेवढ्यात फोन फिरवला. मी सांगितलं होतं ना, सगळं मनातलं बोल.

वहिनी हसत होत्या. एकाग्रता ९८ टक्के.

आई समजावून सांगत होती की तो मेला सारखा ओरडायचा, ह्यांची झोप मोडायची, म्हणून या वहिनींकडे तोंड करून ठेवला, तर लगेच गप्प बसला. गरीब आहे हो पण, उत्तरंसुद्धा आपली आपणच लिहितो.

१ जुलै, मंगळवार

काल मला वाटलं होतं की नकोसर संतापतील. उलट ते भारावून गेले आहेत. त्यांचं पत्र सकाळी आलं. ते म्हणतात, या प्रयोगातून एक ऐतिहासिक गोष्ट सिद्ध झाली आहे: मार्गदर्शकाच्या कुठल्याही मदतीशिवाय, इतकंच काय, शिकणाऱ्याच्याही मदतीशिवाय, आपलं ॲप शंभर टक्के निकाल देतं. सबब मार्गदर्शक हे पद आजपासून रद्द. मी या शोधात दिलेल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार.

म्हणजे एका अर्थाने प्रयोग यशस्वीच झाला.

दुपारी आईच्या फोनवर ॲपचा निरोप: 'अभिनंदन! सर्वोत्तम शिकणारी व्यक्ती म्हणून आपली नवीन शिकणाऱ्यांच्या सहायक मार्गदर्शकपदी निवड झाली आहे. फक्त कॅमेऱ्यासमोर हजर राहा.' मी तो तीनदा वाचला.

बाबांना वाचून दाखवला नाही. पण त्यांना कळलं असावं. संध्याकाळी त्यांनी कामावर फोन करून येत राहतो म्हणून सांगितलं, खुंटीवरचा युनिफॉर्म काढून झटकला, आणि रात्रपाळी तशी काही वाईट नसते, हवा असते, असं म्हणत जिना उतरले. सावकाश उतरतात ते. शेवटच्या पायरीपर्यंत आवाज येत होता.

मी आईला विचारलं, ते शंभर कसे येतात, दहा मिनिटं बसशील का? ती म्हणाली, बसते, आधी हे चाळीस कोट होऊ देत. मग वहिनींच्या अंगावरचा टाचण्या लावलेला कोट काढला आणि माझ्या अंगावर चढवला. म्हणाली, त्यांना आता नोकरी लागली, माप द्यायला कोणीतरी हवंच ना. हात वर कर, हलू नकोस.

हलले नाही. पाऊण तास.