चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
संक्रांतीनंतरचा मंगळवार

वडिलांच्या जागी असलेल्या हंबीरराव दाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे उदयसिंहाचा, दोन्ही हात जोडून (आणि दात-ओठ न खाता) नमस्कार.

इकडं सगळे हयात आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? जयसिंगपूरच्या थंडीत फार धरतो, त्यामुळं तुम्हाला आमच्याकडं यायला जमत नाही, असं अक्का म्हणाली. पण त्याच गुडघ्यानं घरातली अडगळ टेम्पोत चढवायला जमतं, हे ऐकून फार आनंद झाला. देव तुमच्या गुडघ्याला अशीच निवडक ताकद देवो. आजच्या काळात पत्र का, असं वाटेल. फोन केला की तुम्ही "बॅटरी संपत आलीय" म्हणता. पत्राची बॅटरी संपत नाही.

तर आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही जो रेकॉर्ड प्लेअर धाडलात, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. "चालू स्थितीत आहे, जपून वापर," असं तुम्ही बजावलं होतंत. खरं आहे. तबकडी फिरते, झकास फिरते. गौरीपुढं तिच्यावर लाडू मांडले असते तर पेठेतल्या बायका बघायला आल्या असत्या. फक्त आवाज तेवढा येत नाही, कारण सुईच्या जागी सुईची आठवण आहे. सुई ज्या इवल्या डबीत बसते तिला कार्ट्रिज म्हणतात (हे ज्ञानही तुमच्याच कृपेनं), ती डबी आतून गंजून गेली होती. पण वाद्यातून आवाज यावा ही आमचीच हाव. त्यात तुमचा काय दोष?

एरवी मी त्यावर तुळशीची कुंडी ठेवून मोकळा झालो असतो. पण त्याच आठवड्यात कागलहून धोंडुबाईमामी डोळे दाखवायला आल्या. आमचे तात्यामामा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि त्यांची एक रेकॉर्ड निघाली होती, हे तुम्ही जावई म्हणून जेवताना बऱ्याचदा ऐकलंय. त्या रेकॉर्डपायी आमच्या आईचं आणि मामींचं, म्हणजे सख्ख्या नणंद-भावजयीचं, बोलणं बंद आहे हेही तुम्हाला माहीत आहे. मामींचं म्हणणं असं, की मामा इथं कोल्हापुरात ऐन रंगात वाजवत असताना सोबत गेलेली आमची आई मधेच ओरडली. कंपनीचा मालक इतका चिकट, की त्यानं दुसऱ्यांदा वाजवून न घेता तशीच रेकॉर्ड काढली, आणि मामांना पुन्हा काही बोलावणं आलं नाही. आईचं म्हणणं असं, की ओरडलं ते बाहेरचं चहावालं पोरगं. मामा गेले तेव्हाही या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, पण बोलल्या नाहीत. रडण्याला बोलणं म्हणत नाहीत, असा दोघींचाही नियम आहे.

मामींनी हॉलमध्ये प्लेअर बघितला आणि डोळ्यांचा डॉक्टर राहिला बाजूला. तशाच कागलला गेल्या आणि नऊवारीत गुंडाळलेली रेकॉर्ड मांडीवर घेऊन दुसऱ्या दिवशी हजर. रेकॉर्ड जुनी, लाखेची. पडली तर कौलासारखी फुटणार. "लाव. एकदा समद्यांस्नी कळू दे कोण वरडलं," त्या म्हणाल्या. मी सुईची अडचण सांगितली. त्या पिशवीतनं पातळं काढत म्हणाल्या, "सुई येईस्तवर मी काय हितनं हलत न्हाई."

आणि हलल्या नाहीत, दाजी. तुमच्या भेटीनं माझ्या दोन खोल्यांच्या घरात दोन सत्ता नांदू लागल्या. आई सोफ्यावर, मामी दिवाणावर, आणि मधे वकील म्हणून आमची सौ. संयोगिता. "त्यांस्नी म्हणावं, आमटीला मीठ कमी हाय." "म्हणावं, हात दिल्यात की देवानं, घ्या वाढून." मालिका कुठली लावायची यावर तर दोन्ही बाजूंनी निकराची लढाई. संयोगिता शाळेत गणित शिकवते. तिनं मला शांतपणे सांगितलं की सुई लवकर आली नाही तर ती माहेरी जाईल, आणि जाताना या दोघींना माझ्याकडं ठेवून जाईल.

मग निघालो मी कार्ट्रिज शोधायला. पहिल्या दुकानदारानं विचारलं, "काळं का रंगीत?" तो प्रिंटरच्या शाईबद्दल बोलतोय हे कळेपर्यंत त्यानं दोन्ही बांधून दिली होती. दुसऱ्यानं अत्यंत आत्मविश्वासानं पत्ता दिला. तिथं गेलो तर भिंतीवर बंदुका. "परवाना हाय काय पावणं?" मालकानं विचारलं. म्हटलं, घरात गाणं ऐकायलाही परवाना लागतो का? तो गंभीरपणे म्हणाला, काडतुसाला लागतोच. (घरची परिस्थिती आठवून मी क्षणभर परवान्याची चौकशी केली, हे आईला सांगू नका.) जुन्या रेडिओवाल्यांकडं गेलो, तर एकानं चार्जर दाखवले आणि दुसऱ्यानं मला मोबाइलवर गाणी कशी ऐकायची ते शिकवलं. लोक फार मदत करतात आपल्याकडं. नको ती करतात, एवढंच.

शेवटी राजारामपुरीतल्या उन्मेषचं नाव कळलं. हा दातांचा डॉक्टर, पण जीव रेकॉर्डींत. दवाखान्यात पेशंट आ करून बसलेला आणि हा मला तबकडीवरच्या रेघांबद्दल सांगतोय. त्यानं तुमची ती गंजकी डबी दातांच्या भिंगाखाली धरली, हळहळला आणि म्हणाला, "काका, ही वाचवता येणार नाही. मुळापासून काढायला लागेल." मी परवडणारं काहीतरी सुचव म्हणालो. 'परवडणारं' हा शब्द उच्चारल्यावर त्याचा चेहरा असा झाला, जसा आपण तांबड्या रश्शात साखर मागितल्यावर खानावळवाल्याचा होतो. त्याचं स्वतःचं कार्ट्रिज परदेशातून आलंय. त्या किमतीत दुभती म्हैस येते, वैरणीसकट. मग त्यानं मला गोल टोकाच्या सुया आणि लंबगोल टोकाच्या सुया, जड हात आणि हलका हात (हात म्हणजे सुई धरणारी दांडी), असं बरंच शिकवलं. लंबगोल सुई बारीक आवाज टिपते, पण जुन्या झिजलेल्या रेकॉर्डीची खरखरही इमानानं टिपते. गोल सुई जरा मंद, पण समजूतदार. तुमच्या प्लेअरचा हात जुना आणि जड, त्यामुळं फार नाजूक कार्ट्रिज त्याला सोसणार नाही. अगदीच स्वस्त घ्यावं, तर ते रेकॉर्ड वाजवत नाही, नांगरतं. एवढं ऐकून मी मधलंच एक, गोल सुईचं, त्याच्याकरवी मागवलं. पेशंट अजून आ करूनच होता.

पार्सल आलं. उन्मेष स्वतः बसवायला आला. सुईचा भार मोजायला त्यानं सोनाराच्या काट्यासारखा चिमुकला काटा काढला, तर मामींना वाटलं आई दागिन्यांची वाटणी करायला बसली, आणि त्या स्वयंपाकघरातनं हातातल्या लाटण्यासकट धावत आल्या. असो. उन्मेषनं त्याची एक भजनाची रेकॉर्ड लावली. आवाज असा स्वच्छ, की आईनं मालिका बंद केली. मग मामांची लावली. आणि दाजी, पहिल्या फेऱ्यापासून कुणीतरी कढईत भजी तळतंय असा आवाज. त्या भज्यांच्या पार पलीकडं, पंचगंगेच्या दुसऱ्या काठावर वाजावं तसं क्लॅरिनेट. मामी आईकडं बघून संयोगिताला म्हणाल्या, "म्हणावं, लागली नजर." उन्मेषनं कपाळावर हात मारला. कुठली रेकॉर्ड ऐकायची आहे हे त्यानं विचारलंच नव्हतं, आणि मी सांगितलंच नव्हतं. त्या जुन्या भरभर फिरणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डीच्या चऱ्या रुंद असतात, त्यांना जाड टोकाची सुई लागते. ही बारीक सुई चरीच्या तळाशी कचऱ्यात लोळत होती. आणि मी घेतलेल्या कार्ट्रिजला तसली जाड सुई मिळतच नाही. चार वर्षं दात उपटायला शिकलेला माणूस आणि पंचवीस वर्षं साखर कारखान्यात खरेदी खातं सांभाळलेला माणूस, दोघं मिळून एक सुई नीट घेऊ शकलो नाही.

तेव्हा संयोगिता म्हणाली, "माझ्या मिक्सरला मोटार एकच आहे. चटणीला वेगळं भांडं, पिठाला वेगळं. असं नसतं का तुमच्यात?" उन्मेष ओशाळला. असतं म्हणाला. एक साधं, स्वस्तातलं कार्ट्रिज आहे, त्याची सुई ओढून काढता येते आणि त्याच डबीत जाड सुई बसते. मग हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ते फारच साधं आहे, काका. तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं." मला आवडणार नाही म्हणून इतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती.

जाड सुई आली. रेकॉर्ड लावली. भजी बरीच शांत झाली आणि मामा खोलीत आले. खरंच आले, दाजी, मी अतिशयोक्ती करत नाही. क्लॅरिनेट असं वळत होतं, की संयोगिताची पोळी तव्यावर करपली तरी ती हलली नाही. आणि ऐन रंगात, लख्ख, एका परकरी पोरीचा आवाज: "दादा, आटप की! यष्टी चुकंल!" आणि त्यानंतर क्लॅरिनेट पळत सुटलं. तोच राग, पण मागं कुत्रं लागल्यासारखा. एका दमात संपवून मामा मोकळे.

आवाज आईचाच होता. आजही वरच्या मजल्यावरनं मला भाजीला धाडताना ती त्याच आवाजात हाक मारते. आई पदर सारखा करत म्हणाली, "सुई खोटी हाय ही."

मला वाटलं आता मामी तोंड सोडणार. त्या फक्त म्हणाल्या, "परत लाव." लावली. पुन्हा लाव म्हणाल्या. ओरडण्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. पुढं क्लॅरिनेट पळायला लागलं की त्या हसायच्या आणि डोळे पुसायच्या. "अस्संच करायचे," त्या म्हणाल्या. "कुणी हाक मारली की हातातलं काम भराभरा उरकायचे. कुणाला न्हाई म्हणून म्हणायचे न्हाईत." सुई शेवटच्या रेघेवर नुसतीच फिरत राहिली. ती उचलायचं कुणाला सुचेना.

मग सोफ्यावरनं आईचा आवाज आला, कुणाला उद्देशून ते कळू नये असा. "चुकलीच की शेवटी यष्टी. चालत गेलो कागलपतोर. वाटंत मी दमलो म्हणून दादानं वाद्याची पेटी एका खांद्यावर घेतली आन् मला पाठीवर."

मामी वळल्या. संयोगिताकडं नाही, थेट आईकडं. "मग येवढं वरडून उपेग काय झाला तुमचा?"

"काय न्हाई," आई म्हणाली. "सरका जरा, दिसंना मला तबकडी."

तर असं आहे. मामी आता कागलला जायचं नाव काढत नाहीत. डोळ्यांचा डॉक्टर राहिलाच आहे. पहिलं कार्ट्रिज कपाटात पडून आहे, आणि शाईची दोन्ही काडतुसं तुम्हाला प्रिंटर असल्यास सप्रेम भेट. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. अशीच भेटवस्तू पुन्हा द्यावीशी वाटली तर गुडघ्याचा विचार करावा.

तुमचा कृपाभारित,
उदयसिंह

ता. क. : पत्र खरं तर वेगळ्याच कामासाठी लिहायला घेतलं होतं. अक्का म्हणाली, तुमच्या कॉटखाली रेकॉर्डींनी भरलेलं एक खोकं आहे आणि तुम्ही ते भंगारात देणार आहात. देऊ नका. लाखेच्या असोत वा नव्या, आमच्याकडं दोन्ही सुया आहेत. टेम्पोचं भाडं मी देतो.

ता. क. दुसरा : सुई मिळाल्याचं कळल्यावर प्लेअर परत न्यायला तुम्ही रविवारी येताय, असंही अक्का म्हणाली. जरूर या. आई आणि मामी मिळून मटण करणार आहेत (मिठावरून भांडण सुरू आहे, पण आता समोरासमोर). पोटभर जेवा, दुपारी पाठ टेका, संध्याकाळच्या गाडीला मी स्वतः बसवून देतो. प्लेअर मिळणार नाही.