तिसरा कप

ता. १४ ऑक्टोबर

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. आई तुझ्याकडे राहून आली तेव्हापासून तुझंच कौतुक चाललंय. दुकानाला नवा रंग, काचेची दारं, आणि बाबांच्या ऊलाँग चहाची बरणी आता दर्शनी भागात, दिव्याखाली! ऐकून बरं वाटलं असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

लिहिता लिहिता तोच चहा करतेय. घर सोडताना डबाभर आणला होता, त्यावरूनही तू तोंड वाकडं केलं होतंस. पहिलं पाणी पत्ती उलगडण्यापुरतं घालून ओतून दिलं. झाकण नाकाशी धरलं तर आधी भाजल्या धान्याचा वास, मग हळूच फुलांचा. पहिला कप हलका, तुझ्यासारखा, आल्याआल्या सगळ्यांना आवडणारा. त्याच पत्तीवर पुन्हा पाणी घातलं, की दुसऱ्यात पिकल्या फळाचा गोडवा. बाबा म्हणायचे, "दोन कप पाहुण्यांना, तिसरा आपल्याला." चहा कसा आहे ते तिसऱ्यातच कळतं.

घर सोडण्याआधीच्या त्या तापात महिनाभर मला मिठाचीही चव कळत नव्हती. जीभ ताळ्यावर आली तोवर तू बाजारभर सांगून मोकळा झाला होतास. चहाच्या दलालाने मला दारातच थांबवलं. "ताई, राग मानू नका, पण तुमचा भाऊच म्हणाला, तुमची चव कायमची गेली. आता तुम्ही पारखलेला माल कोण घेणार?" घरी आले तर तू बाबांच्या खुर्चीत. "ताई, आता तू आराम कर." तुझा राग येतो, छोट्या. रोज येतो, पहिल्या घोटाबरोबर.

आईने सहज सांगितलं, की चहा भाजायच्या शेगडीत तुझ्या बायकोने फुलांच्या कुंड्या ठेवल्यात.

"मग चहा भाजतो कुठे?" मी विचारलं.

"भाजायचा कशाला? तयारच आहे की तो."

मी विषय बदलला. हा चहा दरवर्षी मंद निखाऱ्यावर पुन्हा भाजावा लागतो, नाहीतर ओल धरून आंबतो. बाबा भाजायचे, नंतर मी; माझा डबा अजूनही भाजते. तू तेव्हा बाहेर गिऱ्हाइकांशी गप्पा मारत असायचास. न भाजलेल्याचे पहिले दोन कप वासावर निभावून जातात. तिसरा आंबट लागतो, ओलं पोतं चोखल्यासारखा. वाईट वाटतं ते एवढंच, की बाबांचा बरणीभर चहा वाया गेला.

सोमवारी हॉटेलवाल्या बाई त्यांच्या हॉटेलसाठी चहा ठरवायला तुझ्याकडे येणार, आणि त्यांना तू बाबांचाच चहा पाजणार, हे तू गावभर सांगितलंयस. त्या स्वतः चहा पीत नाहीत. चव बघायला त्यांनी एक बाई ठेवली आहे. नोकरीवर घेताना डोळ्यांवर पट्टी बांधून तिच्यापुढे कप ठेवले होते. माझा एकही चुकला नाही. आपलं नातं मी त्यांना सांगून टाकलं. म्हणाल्या, "मग तर तुम्हीच चला."

आता घाईघाईने शेगडी पेटवू नकोस. ताज्या भाजलेल्या चहाला नुसती आगीची चव असते, ती निवायला आठवडे जातात. पत्र तुला शनिवारी मिळेल अशा बेतानेच टाकतेय. बरणीत दुसरा चहा भरलास तर तो बाबांचा नाही, हे मला कळेलच. दोन कप झाल्यावर तू गप्पांत वेळ काढशील, तेही ठाऊक आहे.

मी खोटं अक्षरही बोलणार नाही. बाजारात कुणाला काही सांगणार नाही. फक्त कप पुढे करेन आणि म्हणेन, "अजून एक."

माझा तिसरा इथे तयार झालाय. गिळल्यावरही घशात गोडवा रेंगाळतोय. बाबांच्या हातचाच वाटतो.

कुंड्यांना पाणी घालत जा.

जीभ शाबूत असलेली,
तुझी ताई